तळावरचा शिक्का

माझ्या भावाइतका चांगला कारागीर मी पाहिला नाही आणि त्याच्याइतका दुष्ट बापही पाहिला नाही. दोन्ही एकाच माणसात होतं, त्यामुळे लोक पहिलं बोलायचे आणि दुसरं गिळायचे. मी दोन्ही बोलते. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणूनच नवऱ्याने मला परत पाठवलं आणि दादाने घरात घेतलं. घेतलं, आणि ते रोज जेवताना ऐकवलं.

पुढच्या खोलीत कारखाना, मागे आम्ही. तांब्याचे पेले, सुरया, ताटं. पत्रा कापायचा, भट्टीत तापवून मऊ करायचा, ऐरणीवर ठोकून त्याला पोट आणायचं, आणि भांडं उभं राहिलं की त्याच्या अंगावर गुळगुळीत हातोडीने ओळीने ठोके मारायचे. याला मठारणं म्हणतात. एकेक ठोका म्हणजे मसुराएवढा खळगा. ओळी सरळ आल्या पाहिजेत, खळगे सारखे उतरले पाहिजेत. सगळी कारागिरी तिथे दिसते आणि सगळी फजितीही. शेवटी भांडं माझ्याकडे यायचं, घासून उजळायला.

कारखान्यात भिंतीलगत दोन फळ्या होत्या. एकीवर दादाचं दिवसभराचं काम, दुसरीवर त्याच्या मुलाचं. संध्याकाळी दादा मागे जाऊन हात धुऊन यायचा, खिडकीशी उभा राहायचा आणि एकेक भांडं उचलून उजेडात फिरवायचा. अंगठा ओळींवरून न्यायचा. पसंत पडलं तर सदऱ्याच्या खिशातला पोलादी शिक्का काढून तळावर एक ठोका. नापसंत पडलं तर ज्याने घडवलं त्यानेच घण उचलायचा आणि सगळ्यांसमोर ते चेपून पत्रा करायचा. आमच्या बापाची रीत होती ती. वाकडं भांडं घरात रात्र काढणार नाही. दादा स्वतःचंही चेपायचा, क्वचित एखादं, पण तेसुद्धा अशा तोऱ्यात की बघा माझा न्याय.

मुलाचं मात्र रोजचंच. पोरगा पहिल्यांदा ऐरणीवर बसला तेव्हा त्याचा पेला बघून दादा म्हणाला, "बाप सरळ, आई सरळ, मग हा वाकड्या आला कुठून?" तेच नाव पडलं. शेजारी वाकड्या, गिऱ्हाईक वाकड्या. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या बापासमोर दादा म्हणाला, "आमचा वाकड्या चहा पीत नाही." पोरगी हसली, आणि हसली म्हणूनच आमच्या घरात आली. वहिनी होती तोवर मधे पडायची. ती गेली, आणि त्याच आठवड्यात दादाने पोराच्या फळीवरची सगळी भांडी चेपायला लावली. म्हणाला, दुःख हातात उतरलं की असं काम होतं. स्वतःची सगळी पसंत केली.

तर असा माणूस. पण काम बघाल तर बोलती बंद व्हायची. ओळी इतक्या सरळ, की गिऱ्हाईक पेला उलटसुलट करून विचारायचं, "मशीनचा आहे ना?" तरुण होता तेव्हा दादा हे ऐकून फुगायचा. पुढे खरीच मशीनं आली. मोठ्या कारखान्यांतून छापून निघालेले, हुबेहूब तसलेच खळगे असलेले पेले बाजारात ढिगाने मिळू लागले. आता तोच प्रश्न ऐकला की दादाचं टाळकं फिरायचं. आयुष्यभर मशीनसारखं काम करायला धडपडला, आणि मशीन येऊन त्याच्याच खुर्चीत बसलं.

त्यात हात थरथरायला लागला.

आधी नुसता चमचा वाजायचा ताटलीवर. मग हातोडी. मनगटातून निघायचं ते, क्षणभर थांबायचं, मग दोन झटके लागोपाठ. ओळी नागमोडी, खळगे कुठे खोल कुठे उथळ. संध्याकाळी दादा स्वतःचा पेला उजेडात धरायचा, तोंड घट्ट मिटायचा आणि घण उचलायचा. घणही थरथरायचा. एकदा पेला बाजूला राहिला आणि घण ऐरणीवर आदळला. वाकड्या भिंतीला टेकून बघत होता. म्हणाला, "थोडं डावीकडे, बाबा." इतक्या गोड आवाजात म्हणाला की मला शहारा आला.

सुनेचं डोकं चालतं. ती चेपायच्या आधीच दोन-चार थरथरलेले पेले पदराआड करायची. शहरात एक मोठं दुकान होतं, फक्त हाताने केलेल्या वस्तूंचं. काचेचे दरवाजे, मंद दिवे, आणि प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी, की ही कोणी केली, किती मन लावून केली. त्या दुकानाच्या बाईंना सुनेने पेले दाखवले. बाईंनी पेला गालाला लावला म्हणे. "यात माणूस आहे हो," म्हणाल्या. "हे मशीनला जन्मात जमणार नाही. अजून आणा. आणि तळावर यांची खूण हवी, त्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही."

खूण म्हणजे शिक्का. तो दादाच्या खिशात आणि दादा आंघोळीला गेला की सदरा खुंटीवर. वाकड्याला दोन मिनिटं पुरायची. मला दिसत होतं. माझ्या ताटात त्या दिवसांत बरंच काही येऊ लागलं होतं, तेव्हा मी काही बोलले नाही.

पण झाकलेलं किती दिवस झाकणार? एक जोडपं पत्ता विचारत विचारत दारात आलं. सोबत पेला. त्यातल्या बाईने दादाचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "याच हातांनी का? आजोबा, आम्ही रोज सकाळी यातूनच पाणी पितो. यातला एक ठोका दुसऱ्यासारखा नाही. दिवसभर ऑफिसात सगळं सारखं बघून डोळे विटतात, हा पेला बघितला की बरं वाटतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, उगाच कशाला वाईट बोलू.

दादाने पेला घेऊन उपडा केला. तळावर त्याचा शिक्का. त्याचा चेहरा पार उतरला. म्हणाला, "हा परत द्या. मी दुसरा करून देतो." ती दोघं हसली, त्यांना तो विनय वाटला. पेला छातीशी धरून निघून गेली.

दादा वळला. "शिक्का कोणी मारला?"

"मी," वाकड्या म्हणाला.

"वाकड्या भांड्यावर?"

"विकलं जातंय बाबा. तुमचं सरळ कोण घेत होतं?"

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला. "माझ्यामागे काही राहणार नाही," तो मला म्हणाला, "फक्त त्या शिक्क्याखालचं काम राहील. लोक ते बघून म्हणतील, हात असा होता. आता काय म्हणतील?" मला त्या क्षणी त्याची दया आली. फार वेळ टिकली नाही, पण आली.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून डॉक्टरकडे गेला. इतके दिवस सांगून थकलो होतो, तेव्हा म्हणायचा, औषधं बायकांनी घ्यावीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज पाण्याच्या पेल्याशेजारी मी गोळी ठेवायची आणि त्याने ती गिळायची. हळूहळू चमचा वाजायचा थांबला. मग एक दिवस हातोडीचा आवाज ऐकून मी हातातलं काम टाकून आले. टक, टक, टक. तोच जुना आवाज. दादाच्या डोळ्यांत चमक आली होती. "असे नवे करतो," म्हणाला, "आणि एकेका घरातून तो थरथरलेला माल परत आणतो. माझ्या नावाने एकही वाकडं जगात राहणार नाही." शिक्का आता तो उशाखाली घेऊन झोपायचा.

नव्या पेल्यांचं खोकं दुकानात गेलं आणि जसंच्या तसं परत आलं. पाठोपाठ बाईंचा फोन. सुनेने आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला. "तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती. हा कारखान्यातला माल आहे. आमची गिऱ्हाइकं जाणकार आहेत, त्यांना हाताचं आणि मशीनचं लगेच कळतं."

वाकड्या इतका हसला की त्याला ठसका लागला. दादाने हातोडी उचलली, सदरा घातला. "चला. त्यांच्यासमोर करून दाखवतो."

फोनवर हे ऐकून बाईंना कल्पना पसंत पडली. त्यांनी दुकानाच्या मधोमध छोटी ऐरण मांडली, गिऱ्हाइकांना निरोप धाडले, वर झगझगीत दिवा सोडला. आम्ही सगळेच गेलो. दादाने घडवून आणलेला कोरा पेला ऐरणीवर चढवला आणि मठारायला सुरुवात केली. पहिली ओळ निघाली तेव्हा लोक फोन वर धरून उभे होते. तिसरीपर्यंत निम्मे फोन खाली गेले. मी माझ्या भावाला चांगलं ओळखते, तो त्या दिवशी जीव ओतून काम करत होता. केसाएवढाही फरक नाही. एक मुलगी आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "ओळी किती सरळ ना, कंटाळा येतो बघून." दुसरी लाडात येऊन म्हणाली, "आजोबा, जरा नैसर्गिक करा ना. आधीसारखं."

"आधीचा हात आजारी होता," दादा म्हणाला. "हा माझा हात आहे."

बाईंनी मला बाजूला घेतलं. सुगंधी बाई, आवाज मऊ. "आत्याबाई, त्यांना कसल्या गोळ्या चालू आहेत म्हणे? त्या काही दिवस बंद नाही का ठेवता येणार? म्हणजे कलेसाठी." मी म्हटलं, विचारून बघा त्यालाच. त्या हसल्या आणि विचारलं नाही.

तेवढ्यात वाकड्या उठला. दादाला खांद्याला धरून त्याने बाजूला केलं, एखादी खुर्ची सरकवावी तसं. सोबत आणलेला दुसरा कोरा पेला चढवला, हातोडी उचलली, आणि त्याचा हात थरथरायला लागला. मनगटातून निघालं, क्षणभर थांबलं, मग दोन झटके. हुबेहूब. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर चेहरा शांत, श्वास संथ. लोकांचे फोन पुन्हा वर. ओळी नागमोडी निघाल्या, खळगे खोल उथळ उमटले. संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या. त्याला आयुष्यात कोणी टाळी दिली नव्हती. त्याने वाकून दादाच्या खिशात हात घातला, शिक्का काढला, आणि सगळ्यांदेखत पेल्याच्या तळावर मारला.

दादाने पेला मागून घेतला आणि अंगठा ओळींवरून न्यायला लागला. एकदा, पुन्हा एकदा. लोकांना वाटलं, बाप लेकाचं कौतुक करतोय. कोणीतरी त्याचा फोटो काढला.

टॅक्सीतून घरी येईपर्यंत दादाने पेला सोडला नव्हता. कारखान्यात शिरल्यावर तो खिडकीशी गेला.

"ज्याचा हात थरथरतो त्याला पुढचा ठोका कुठे पडणार ते माहीत नसतं," तो म्हणाला. "इथे एकेक ठोका ठरवून पडलाय. ज्याला असं वाकडं मारता येतं त्याला सरळ मारता येतंच."

"येतं," वाकड्या म्हणाला.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मग दाखवलं का नाहीस?"

"रोज फळीवर ठेवत होतो की."

"ती वाकडी होती."

वाकड्या हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. "मलाही तसंच वाटायचं. तुम्ही सांगाल ते खरं. मग एका संध्याकाळी तुम्ही मागे हात धुवायला गेलात, तेव्हा मी दोन पेले बदलले. माझा तुमच्या फळीवर ठेवला, तुमचा माझ्या. तुम्ही आलात. माझा उजेडात धरलात, शिक्का मारलात, आणि मला म्हणालात, डोळे उघडून बघ, ओळ अशी असते. मग तुमचा उचललात. म्हणालात, हा हात आहे की फावडं? आणि मला चेपायला लावलात. मी तुमचा पेला तुमच्यासमोर चेपला, बाबा."

सून दारात होती. तिने तोंडावर हात ठेवला, तिलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. मला हसू आलं. आवरलं नाही मी ते.

"एकदा चूक होते माणसाची," दादा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"एकदा? तुम्ही फार बोललात की मी बदलायचो. तुम्ही फार बोलायचात. आई गेली त्या आठवड्यात सगळेच बदलले होते."

दादाने हातातला पेला ऐरणीवर ठेवला. त्या आठवड्यात मुलाच्या फळीवरचं एकूण एक भांडं चेपलं गेलं होतं, आणि दादाने स्वतःच्या फळीवर सगळ्यांवर शिक्का मारला होता. त्याने विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"वाट बघत होतो. एखाद्या दिवशी भांडं बघाल. तुम्ही कधी भांडं बघितलंच नाही, फळी बघितलीत."

दादाची नजर वर मांडणीकडे गेली. विकायची नाहीत म्हणून जपून ठेवलेली त्याची उत्तम भांडी तिथे होती, प्रत्येकावर शिक्का. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती दाखवायचा. "यातली माझी कुठली?"

"ओळखा," वाकड्या म्हणाला आणि जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दादाने ती सगळी खाली उतरवून खिडकीशी मांडली. गोळी घेतलेली, हात दगडासारखा स्थिर. एकेक उचलायचा, अंगठा फिरवायचा, डावीकडे ठेवायचा. मग तेच उचलून उजवीकडे. दुपारपर्यंत दोन ढीग झाले, मग त्याने ते स्वतःच मोडले आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी त्याने मला हाक मारली. कधी नव्हे ती अशी मऊ हाक.

"तू सगळी उजळलीस. तुझ्या हाताला कळलं असेल. सांग, यातलं माझं कुठलं?"

मला एक खोटं बोलता आलं असतं. एखादी सुरई उचलून म्हणायचं होतं, ही बघ, ही तुझीच. म्हातारा तेवढ्यावर जगला असता. पण इतकी वर्षं त्याने मला रोज ताटावर ऐकवलं होतं, आणि खरं तेच माझ्या तोंडात आलं. "माझ्या हाताखालून सगळी सारखीच गेली, दादा."

त्या दिवसापासून त्याने गोळी घेतली नाही. मी ठेवत होते, तो बोटाने बाजूला सारत होता. कारण मला न विचारता कळलं. सरळ काम त्याचं की मुलाचं ते देवालाही सांगता येणार नाही, पण थरथरणं तरी आपलं स्वतःचं, एवढंच त्याला धरून ठेवायचं होतं. काही दिवसांत चमचा पुन्हा वाजायला लागला. आता तो नागमोडी ओळींचे पेले घडवतो. बाई खूश आहेत, त्यांनी दादाचा फोटो मोठा करून दुकानात लावलाय, खाली लिहिलंय, या हातासारखा दुसरा हात नाही.

शेजारच्या ऐरणीवर वाकड्या तसेच पेले घडवतो. संध्याकाळी दोन फळ्या भरतात. दादा मागे हात धुवायला जातो, आणि नळाखाली उभा असताना त्याला फळ्यांवरची खडखड ऐकू येते. मलाही येते. कधी ती खरी असते, कधी वाकड्या नुसतेच पेले वाजवतो, जागचे हलवतही नाही. दादा हात पुसत येतो, खिडकीकडे जात नाही. खिशातून शिक्का काढतो आणि दोन्ही फळ्यांवरच्या पेल्यांवर न बघता मारत जातो.